उज्जैनच्या वेधशाळेला जाण्याआधी अंगणात काठी रोवा

बीड-परळीकडून उज्जैनला गाडी निघते ती महाकालासाठी. आपल्याकडे परळी, औंढा, घृष्णेश्वर झाले की माणसाला पुढचे दोन, महाकाल आणि ओंकारेश्वर, खुणावतातच. त्या यादीत वेधशाळा असते ती शेवटी, ‘वेळ उरला तर’ या खात्यात. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा तसंच झालं. जुलै महिना, आभाळ गच्च भरलेलं, दर्शनाची रांग आटोपून दुपारी चार वाजता पोचलो. भिंती पाहिल्या, जिने पाहिले, फोटो काढले आणि वीस मिनिटांत बाहेर पडलो. सावलीवर चालणारी यंत्रं, आणि सावलीच नव्हती. मुलांनी गाडीत विचारलं, “ते कशाला बांधलं होतं?” माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. ती बोच दोन वर्षं राहिली. दुसऱ्या खेपेला आधी महिनाभर तयारी केली. जे उपयोगी पडलं ते इथे मांडतोय. बॅगेत काय भरायचं हा त्यातला लहान भाग आहे. मोठा भाग घरच्या अंगणात करायचा असतो.

पहिलं काम, निघण्याच्या किमान तीन आठवडे आधी, गच्चीवर किंवा अंगणात एक काठी रोवायची. बरोबर एक मीटर उंचीची, सरळ, टोकाला निमुळती. काठी उभी आहे की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका. ओळखीच्या गवंड्याकडून ओळंबा आणि पाणसळ एका दिवसासाठी मागून आणा. ओळंब्याने काठी साधायची, पाणसळीने खालची फरशी तपासायची. फरशीला उतार असला तर सगळी मापं फसतात, आणि गच्चीला पावसाच्या पाण्यासाठी उतार ठेवलेलाच असतो. म्हणून आम्ही शेवटी जुनं दार आडवं टाकून त्याखाली पाचरी मारल्या.

आता काठीभोवती दोरीने एक वर्तुळ काढा. सकाळी काठीची सावली लांब असते, हळूहळू आखडत येते. तिचं टोक वर्तुळाला जिथे आत शिरताना शिवेल तिथे खूण करा. दुपारनंतर सावली वाढत जाते, ती जिथून वर्तुळाबाहेर पडेल तिथे दुसरी खूण. दोन्ही खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळते आणि तिला काटकोनात दक्षिणोत्तर. आपल्याकडे ही रीत शुल्बसूत्रांच्या, म्हणजे यज्ञवेदी आखण्याचे नियम सांगणाऱ्या जुन्या ग्रंथांच्या, काळापासून आहे, आणि या काठीला शंकू म्हणतात. मोबाइलमधलं होकायंत्र शेजारी लोखंडी दार असलं की बहकतं, ही रेषा बहकत नाही. मुलांना हे एकदा स्वतः करू द्या. दिवसभर सावलीच्या मागे बसलेलं पोर वेधशाळेत गेल्यावर कोणी न सांगता बरोबर जागेवर जाऊन उभं राहतं, हे मी पाहिलं आहे.

दक्षिणोत्तर रेषेवर सावली आली की मध्यान्ह. त्या वेळी घड्याळ पाहा. बारा वाजलेले नसतील. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर लावलेलं आहे आणि बीड पावणेशहात्तर अंशांवर. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे साधारण २७ मिनिटांचा फरक. त्यात सूर्याचं स्वतःचं वर्षभर मागेपुढे होणं मिसळतं, कारण पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा अक्ष कललेला आहे. एप्रिलच्या मध्याला, सप्टेंबरच्या सुरुवातीला आणि २५ डिसेंबरच्या सुमाराला हा दुसरा फरक शून्यावर येतो, तेव्हा बीडचा मध्यान्ह १२ वाजून २७ मिनिटांनी. फेब्रुवारीच्या मध्यात तो १२.४१ पर्यंत लांबतो, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२.११ वरच येतो. हा छोटा तक्ता वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. वेधशाळेत सम्राट यंत्रावर, म्हणजे तिथल्या मोठ्या सावली-घड्याळावर, वेळ वाचल्यावर “हे तर चुकतंय” असं म्हणणारे बरेच भेटतात. यंत्र तिथली स्थानिक सौरवेळ सांगत असतं. आपण तक्त्यातला फरक मिळवला की ती मनगटावरच्या घड्याळाशी जुळते, आणि ती जुळताना पाहणं हाच त्या जागेचा खरा आनंद आहे.

आता ज्या गोष्टीने मला ही सगळी यादी लिहायला लावलं ती. प्राचीन भारतीय ज्योतिषात शून्य रेखांश उज्जैनचा धरत. लंका, उज्जयिनी, कुरुक्षेत्र, मेरू अशी ती मध्यरेषा. आज नकाशा उघडून पाहा: उज्जैन ७५ अंश ४६ मिनिटांवर, बीड ७५ अंश ४५ मिनिटांवर. आपलं बीड जवळपास त्याच रेषेवर बसलेलं आहे! जालना थोडं पूर्वेला, ७५ अंश ५३ मिनिटांवर. जयपूरसुद्धा ७५ अंश ४९ मिनिटांवर. म्हणजे बीडच्या गच्चीवर ज्या क्षणी मध्यान्ह होतो त्याच क्षणी उज्जैनला होतो, फरक फार तर काही सेकंदांचा. लातूरकरांचा मध्यान्ह आपल्या तीन मिनिटं आधी आणि नांदेडकरांचा सहा मिनिटं आधी येतो. त्यांनी आपापली मिनिटं वहीत तशी लिहावीत.

रेखांश एक, पण अक्षांश वेगळे. बीड १९ अंश उत्तर, उज्जैनची वेधशाळा २३ अंशांच्या जरा वर. हा फरक रात्री डोळ्यांनी पकडता येतो. निघण्याआधी एका निरभ्र रात्री गावाबाहेर, शेतात जा. सप्तर्षी किंवा शर्मिष्ठा या तारकासमूहांवरून ध्रुव शोधा. हात ताठ पुढे धरला की आवळलेली मूठ आडवी साधारण दहा अंश झाकते. क्षितिजापासून मुठीवर मूठ ठेवत जा, बीडला ध्रुव दोन मुठींच्या आत सापडेल. उज्जैनला तोच ध्रुव दोन मुठी आणि वर दोन-तीन बोटं इतका चढलेला दिसतो. ध्रुवाची उंची म्हणजे त्या गावाचा अक्षांश. सम्राट यंत्राची तिरकी भिंत याच कोनात बांधलेली असते, तिची धार नेमकी ध्रुवाकडे रोखलेली. जिना चढून कुठे जातो असा प्रश्न तिथे सगळे विचारतात. तुम्ही आधी मुठी मोजल्या असतील तर तो प्रश्न पडणार नाही.

तारीख निवडताना आभाळाचा विचार आधी करा. पावसाळा टाळा. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्रीच्या आसपास उज्जैनमध्ये पाय ठेवायला जागा नसते, आणि २०२८ साली तिथे सिंहस्थ आहे, त्या काळात वेधशाळेचा निवांतपणा मिळणार नाही. दिवाळीची सुट्टी चांगली. पण माझं मत विचाराल तर डिसेंबरचा शेवटचा आठवडा. ऊन सुसह्य, आभाळ बहुधा स्वच्छ, आणि मध्यान्हाची सावली वर्षात सर्वांत लांब, त्यामुळे मोजायला सोपी. माळव्यात त्या दिवसांत पहाटे चांगलीच थंडी असते, स्वेटर ठेवा. उन्हाळ्याची वेगळी गंमत आहे. मेच्या मध्याला, १५-१६ तारखेच्या सुमारास, बीडमध्ये भर दुपारी काठीची सावली नाहीशी होते, सूर्य थेट डोक्यावर. उज्जैन कर्कवृत्ताच्या अगदी जवळ असल्याने तिथे हे जूनमध्ये घडतं, आणि २१ जूनलाही सावली जवळपास नसतेच. पण जूनचं आभाळ भरवशाचं नाही.

वाचून जायचं ते थोडंच, पण नेमकं असावं. ही वेधशाळा बांधली सवाई जयसिंहाने, आमेरचा राजा, जन्म १६८८, मृत्यू १७४३. तो माळव्याचा सुभेदार होता. दिल्ली, जयपूर, उज्जैन, काशी आणि मथुरा अशा पाच ठिकाणी त्याने वेधशाळा उभारल्या, त्यातली मथुरेची आज शिल्लक नाही. दगड-चुना का, याचं उत्तर त्याने स्वतः देऊन ठेवलं आहे. बादशहा मुहंमदशहाच्या नावाने केलेल्या ग्रहताऱ्यांच्या कोष्टकांच्या प्रस्तावनेत तो सांगतो की पितळी यंत्रं लहान पडतात, त्यांचे अक्ष झिजतात, मध्य सरकतो, आणि मग वेध चुकतो. म्हणून न हलणारी, न झिजणारी, जमेल तेवढी मोठी यंत्रं. हे मुलांना नीट समजावून सांगा. मोठी पट्टी आणि लहान पट्टी हातात देऊन सांगा: जितकं वर्तुळ मोठं तितकी अंशाअंशातली जागा मोठी, तितकं बारीक वाचता येतं.

उज्जैनची ही यंत्रं पुढे मोडकळीला आली. १९२३ साली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी त्यांचा जीर्णोद्धार केला आणि गोविंद सदाशिव आपटे तिथले पहिले अधीक्षक झाले. मराठी माणसाने तिथे गेल्यावर हे नाव आठवावं असं मला वाटतं. आजचं नाव जीवाजी वेधशाळा, रिक्षावाल्याला मात्र ‘जंतर मंतर’ किंवा ‘यंत्र महल’ सांगा. ती आहे जयसिंहपुऱ्यात. आपल्या संभाजीनगरातही बेगमपुऱ्याजवळ जयसिंगपुरा आहे, पण तो मिर्झा राजे जयसिंगांचा, या जयसिंहाच्या खापरपणजोबांचा. वाटेत संभाजीनगर लागतंच, तेव्हा गाडीत ही गोष्ट सांगायला बरी.

वाटेबद्दल. बीड, संभाजीनगर, कन्नड, चाळीसगाव, धुळे, सेंधवा, इंदूर असा तो राष्ट्रीय महामार्ग ५२, आणि तोच पुढे कोट्यावरून जयपूरला जातो. उज्जैनपर्यंत सहाशे किलोमीटरच्या आसपास पडतं. शहागडला गोदावरी, शिरपूरच्या अलीकडे तापी, खलघाटला नर्मदा. नद्या मोजत जा, कारण त्या आपण उत्तरेला किती सरकलो ते सांगतात. एक दिवस हाताशी असेल तर चाळीसगावहून वाट वाकडी करून पाटणादेवीला जा. तिथल्या शिलालेखात भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने काढलेल्या मठाची नोंद आहे, तेराव्या शतकाच्या आरंभाची. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘सिद्धांतशिरोमणी’ लिहिला, त्यातल्या यंत्राध्यायात अनेक यंत्रांचं वर्णन केल्यावर ते धीयंत्राला सर्वांत वर ठेवतात. धीयंत्र म्हणजे हातातली काठी आणि तिच्यामागची बुद्धी. गच्चीवरची काठी गाडीच्या टपावर बांधून नेताना हे माझ्या मनात होतं.

आता सामान, पटकन. मीटरची काठी, शक्यतो जोडता येईल अशी. ओळंबा. मापाची टेप. वही, शिसपेन्सिल, कोनमापक. पांढऱ्या जाड कागदाचं एक पोस्टकार्डाएवढं कार्ड आणि हातभर काळा दोरा, त्याचा उपयोग पुढे सांगतो. सेकंद दाखवणारं घड्याळ, मोबाइलच्या वेळेशी जुळवलेलं. टोपी किंवा डोक्याला उपरणं, प्रत्येकाला पाण्याची वेगळी बाटली, कारण यंत्रांजवळ सावली नाही आणि तुम्हाला भर बाराच्या उन्हातच थांबायचं आहे. खायला दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी. दशमी दोन दिवस टिकते. दुर्बीण न्यायची तर रात्रीसाठी, आणि दिवसा ती बॅगेतून बाहेर काढायची नाही हे मुलांना दोनदा सांगा. सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनीही पाहायचं नाही. या सगळ्या यंत्रांवर सूर्याचा वेध सावलीतून घेतात, मान वर करायची गरजच पडत नाही.

दर्शनाची वेळ पहाटे किंवा संध्याकाळी ठेवा. अकरा ते दीड वेधशाळेसाठी राखा आणि हा वेळ कोणालाही देऊ नका, गाडीवाल्याला आदल्या रात्रीच सांगून ठेवा. आमच्या पहिल्या खेपेचा निम्मा दोष ढगांचा होता, निम्मा आखणीचा.

आत गेल्यावर आधी नाडीवलय यंत्राकडे जा. दोन्ही बाजूंनी तबकडी असलेलं हे यंत्र विषुववृत्ताला समांतर कललेलं आहे. मार्चच्या विषुवदिनापासून सप्टेंबरच्या विषुवदिनापर्यंत त्याच्या उत्तरेकडच्या तोंडावर ऊन पडतं, उरलेल्या सहा महिन्यांत दक्षिणेकडच्या. डिसेंबरात गेलात तर दक्षिणेचं तोंड उजळलेलं दिसेल. वर्षाचा कोणता अर्धा चालू आहे हे एक भिंत ऊन-सावलीने सांगते, आणि मुलांना ते क्षणात कळतं.

मग सम्राट यंत्र. इथे कार्ड आणि दोरा काढा. सावलीची कड जवळून पाहिली की ती रेघेसारखी धारदार नसते, पुसट असते, कारण सूर्य म्हणजे ठिपका नाही, अर्ध्या अंशाची थाळी आहे. यंत्र जितकं मोठं तितका हा पुसट पट्टा रुंद. तिरक्या भिंतीची सावली ज्या कमानीवर पडते तिच्या खुणांवर कार्ड धरा, दोरा त्याच्या जरा वर ताणून पुसट पट्ट्यात हळूहळू सरकवा. उजेडाच्या बाजूला दोऱ्याची सावली स्पष्ट दिसते, अंधाराच्या बाजूला विरून जाते. ती जिथे नाहीशी होते ती जागा धरून वाचा. दोघांनी वेगवेगळं वाचून वहीत लिहावं आणि मगच एकमेकांना सांगावं. मग तक्त्यातली मिनिटं मिळवा आणि घड्याळाशी ताडून पाहा.

बारा वाजून गेले की भित्ती यंत्राशी या. ही दक्षिणोत्तर उभी भिंत आहे. मध्यान्हाला सूर्य डोक्यावरच्या बिंदूपासून किती अंश खाली आहे हे तिच्यावर वाचतात. तो आकडा जपून लिहा. दिगंश यंत्रावर दिशा मोजतात, आणि गोल चौथऱ्यावरचं शंकू यंत्र विसाव्या शतकात बांधलेलं आहे. ते पाहिलं की घरच्या काठीची ओळख पटते, आमची धाकटी “आपलीच काठी!” म्हणून ओरडली होती. तिथले कर्मचारी विचारलं तर दाखवतात, आम्ही विचारलं आणि त्यांनी वेळ काढून दाखवलं. खुणांवर पाय देऊ नका, कमानीवर बसू नका. त्या खुणा म्हणजेच यंत्र आहे.

जयपूर पुढच्या वर्षासाठी ठेवा. तिथलं सम्राट यंत्र २७ मीटर उंच, सावली सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर सरकते, डोळ्यांदेखत. जमिनीत कोरलेल्या दोन वाट्यांचं जयप्रकाश यंत्र आहे, बारा राशींची बारा यंत्रं आहेत, २०१० पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. पण तिथे माणूस आकारानेच दिपून जातो. उज्जैनला गर्दी कमी, यंत्रं आवाक्यातली. शिकायला आधी उज्जैन.

शेवटची तयारी सर्वांत महत्त्वाची, आणि ती घरी राहणाऱ्या माणसासाठी आहे. गच्चीवरची काठी मोडू नका. तशीच दुसरी, मोजून एक मीटरची, बरोबर न्या. घरी जो कोणी राहील त्याला सावली मोजायला शिकवून ठेवा, फोन चार्ज करून ठेवायला सांगा. आमच्याकडे आई राहिली. गुडघ्यांमुळे तिला प्रवास झेपत नाही. २५ डिसेंबरला वेधशाळेच्या आवारात मोकळ्या सपाट जागी आम्ही काठी उभी केली, ओळंबा लावला. १२.२७ झाले. आमची सावली भरली १०५.५ सेंटिमीटर, काठीहून लांब. फोन लावला. आई म्हणाली, “एक्याण्णव. दोनदा मोजली.” बीडला सावली काठीहून आखूड, उज्जैनला लांब, एकाच क्षणी.

मुलांनी जमिनीवर बसून हिशेब केला. सावली आणि काठी यांच्या मापांवरून सूर्य डोक्यावरच्या बिंदूपासून किती कललाय ते काढलं: ९१ ला कोन येतो ४२.३ अंश, १०५.५ ला ४६.५३. भित्ती यंत्रावर आम्ही साडेशेहेचाळीसच वाचले होते. दोन गावांतला फरक ४.२३ अंश. नकाशावर बीड ते उज्जैन सरळ उत्तरेला अंतर सुमारे ४६५ किलोमीटर. ४.२३ अंशांना ४६५ किलोमीटर, तर पृथ्वीचा सगळा घेर किती? पूर्ण वर्तुळाचे ३६० अंश भागिले ४.२३, गुणिले ४६५. उत्तर आलं ३९,५७४ किलोमीटर. पृथ्वीचा ध्रुवांवरून जाणारा घेर ४०,००८ आहे.

फोन चालूच होता. आईने विचारलं, “बरोबर आलं का?” थोरल्याने तिला आकडा सांगितला, मग ती म्हणाली, “थांब, लिहून घेते,” आणि पलीकडे गच्चीवर पेन्सिल शोधल्याचा आवाज आला.